खातं फक्त या मशीनपुरतं

३ नोव्हेंबर, सोमवार

केंद्रात नवा कॉम्प्युटर आला. तात्यासाहेबांनी दिला. आमच्या महिला साहाय्य केंद्राचे ते विश्वस्त, गारखेड्यातली ही दोन खोल्यांची जागाही त्यांचीच. जुन्या मशीनला आता अपडेट मिळणार नाहीत, ते चालू ठेवणं धोक्याचं आहे, असं त्यांच्या पुतण्यानं सांगितलं म्हणे. पुतण्याचं नाव इंद्रजीत. कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. तोच येऊन सगळं जोडून गेला.

मी त्याला म्हटलं, जुन्यावर होतं तसंच खातं करून द्या. माझं नाव, माझा पासवर्ड, आणि खातं फक्त या मशीनपुरतं. इंटरनेटशी त्याचा संबंध नको, आमच्याकडं बायकांच्या फाइली असतात.

तो हसला. "मॅडम, आता तसं नाय राहिलं. ही सिस्टीम आधी ईमेल मागते, मगच पुढं जाऊ देते."

"करताच येत नाही का?"

"येतं, पण लई खटाटोप आहे. अन् फायदा काय? उद्या मशीन बिघडलं तर सगळं गेलं. ऑनलाइन असलं की काहीच जात नाय."

केंद्राचा ईमेल आमच्या संस्थापिका लीलाबाईंच्या फोनमध्ये, आणि लीलाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलेल्या. मग त्यानं तात्पुरता स्वतःचाच ईमेल टाकला. नंतर बदलून घेऊ म्हणाला. मला चार आकडी पिन दिला.

आता सकाळी मशीन सुरू केलं की पडद्यावर 'इंद्रजीत' असं येतं. इतकी वर्षं तिथं 'करुणा' यायचं. एवढ्याशा गोष्टीचा काय राग यायचा, पण आला.

६ नोव्हेंबर

जुन्या मशीनवरच्या सगळ्या फाइली नव्यात घेतल्या. जुनं टेबलाखाली सरकवून ठेवलं, भंगारात द्यायला हात होईना.

नवं मशीन झरझर चालतं, हे मान्य करायला पाहिजे. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी ढगाचं बारीक चित्र आहे. हवामानाचं असेल. बाहेर तर कोरडं ठणठणीत ऊन.

फोटोंच्या कप्प्यात आधीपासूनच काही फोटो आहेत. कपाशीचं रान, एक पांढरी जीप हार घातलेली, मळ्यातलं जेवण. मशीनबरोबर येतात तसले असावेत. पूर्वी परदेशातले बर्फाचे डोंगर यायचे, आता आपल्याकडचे द्यायला लागले वाटतं. बरं वाटलं बघून.

११ नोव्हेंबर

डबा उघडला तेवढ्यात दारात एक पोरगी उभी. कडेवर लेकरू, पायात दोन वेगवेगळ्या चपला. म्हणाली, "हितं बायांचं ऐकतेत ना?"

नाव सोनिया. देवगाव रंगारीची सून. गावातून जीपनं कन्नड, कन्नडहून एसटीनं इथं. मुलगी संस्कृती, चार वर्षांची. डब्यातली पोळी त्या लेकरानं भाजीशिवाय खाल्ली, एकदाही मान वर केली नाही.

सोनियाच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळलेली आहेत. नवऱ्यानं, म्हणजे शिवराजनं, तिचा हात चौकटीत असताना दार लोटलं होतं. मी ते लिहून घेत होते तर तीच म्हणाली, "ह्याच्यापायी नाय आले मी ताई. बोटांचं काय, कामं व्हतेत. परवा त्यानं पोरीला हिरीच्या कठड्यावर बसवलं. अन् मला म्हनला, आता बोल."

एवढं सांगून तिनं लेकराच्या तोंडावरचे पोळीचे कण पुसले. मी तेही लिहून घेतलं.

सासर मोठं आहे, जमीनजुमला आहे, सासऱ्याचा गावात शब्द चालतो. तिच्या पाकिटात लग्नाचा एक फोटो होता. माणूस ओळखता यावा म्हणून असा फोटो आम्ही फाइलीत ठेवतो. शिवराज देखणा आहे. डाव्या भुवईतून एक व्रण गेलाय.

१२ नोव्हेंबर

सोनिया आणि संस्कृतीला मुकुंदवाडीत भागूबाईंकडं ठेवलं. भागूबाई एकट्या राहतात, याआधीही त्यांनी दोघी-तिघींना सांभाळलंय. पुंडलिक त्याच्या रिक्षातून सोडून आला. कितीतरी बायकांना यानं असं नेलंय आणि कोण, कुठली, हे एकदाही विचारलेलं नाही.

पत्ता नेहमीसारखा फक्त कॉम्प्युटरवरच्या फाइलीत लिहिला. लीलाबाईंचा हा नियम मी शाळेत त्यांच्या हाताखाली होते तेव्हाच्या शिस्तीसारखा पाळते: कागद कोणाच्याही हाती लागतो, फोन हरवतो, कॉम्प्युटरला पासवर्ड असतो.

२० नोव्हेंबर

दार आतून लावून लिहितेय.

सकाळी भागूबाईंचा फोन. "पोरी, गल्लीत पांढरी जीप हाय मघाधरनं. दोघं बसलेत आत. उतरत नाहीत का काही नाही. एकानं किराणावाल्याला इचारलं म्हनं, देवगावची सून हितं कुठं ऱ्हाती म्हून."

पुंडलिकला पाठवलं. त्यानं रिक्षा मागच्या बोळात लावली. दोघी मोरीच्या दारातून बाहेर पडल्या, अंगावरच्या कपड्यांनिशी. आता छावणी भागात आहेत. रूपा सिस्टर तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे, तिला क्वार्टर आहे, फाटकावर वॉचमन असतो.

लीलाबाई काळा चष्मा लावून आल्या होत्या. पंख्याकडं बघत म्हणाल्या, "करुणा, भागूबाईचं घर कोणाकोणाला माहीत होतं?"

बाई, मी, पुंडलिक. आणि खुद्द भागूबाई.

"मग विचार कर," म्हणाल्या. मी इथं लिहून ठेवते, मला करायचा नाही हा विचार.

२४ नोव्हेंबर

संस्कृतीला खोकला झालाय. रूपानं औषध आणायला सांगितलं, पुंडलिक देऊन आला. फाइलीत नोंद केली.

कॉम्प्युटरवर आज मधूनच पाटी आली, तुमच्या फाइली सुरक्षित आहेत म्हणून. चला, निदान त्याला तरी तसं वाटतंय.

२७ नोव्हेंबर

दुपारी केंद्राचा फोन वाजला. मीच उचलला.

"मॅडम, शिवराज बोलतोय. राग मानू नका." आवाज इतका सभ्य की मी आधी "बोला" म्हणून गेले. "बाकी काही नाही, पोरीचा खोकला थांबला का, तेवढं विचारायचं होतं. ते गुलाबी औषध तिला सोसत नाही, उलटी होते. तेवढं सांगा रूपा सिस्टरला."

त्यानं "ठेवतो" म्हटलं आणि ठेवला.

त्याच पावली निघाले. रिक्षा नाही केली. छावणीतून दोघींना घेतलं, तिघींनी तोंडाला ओढण्या बांधल्या आणि सिटी बसनं थेट उस्मानपुऱ्याला, माझ्या घरी. दुसरं ठिकाण सुचलंच नाही. माय संस्कृतीला पाहून म्हणाली, "हिला आधी ऊन पानी पाज," आणि स्टोव्ह पेटवला.

गुलाबी औषध कोणी आणलं होतं? पुंडलिकनं. छावणीत कोणी सोडलं? पुंडलिकनं. भागूबाईंचा बोळ कोणाला पाठ? आणि त्याची बहीण कन्नडलाच दिलेली आहे, हे मला आजच का आठवावं.

२८ नोव्हेंबर

पुंडलिकशी बोलले. लीलाबाई समोर बसल्या होत्या, पण बोलणं माझ्यावरच सोडलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या बहिणीचं सासर कन्नडचं, म्हून मी पोरीला इकलं, असं म्हणायलात का ताई?"

"विकलं नाही म्हणत मी. कुठं बोलताना निघून गेलं असेल."

"मी बोलतो का कुठं? तुमच्यासंगं तरी बोलतो का?" खरंच बोलत नाही. "बरं. उद्यापासून नाय येत मी. पण माझ्याबिगर कुणाला कळलं, तर मग कुणाकडं बघताल?"

केंद्राची एक किल्ली त्याच्याकडं असते, ती टेबलावर ठेवून गेला. चहा तसाच राहिला.

२ डिसेंबर

पुंडलिक गेल्यापासून सगळं शांत आहे. जीप नाही, फोन नाही. म्हणजे माझा संशय खराच होता म्हणायचा. असं लिहिताना आनंद होत नाही, पण रात्री झोप लागते.

आज इंद्रजीत आला होता, प्रिंटर बघायला. मी पुन्हा खात्याचं काढलं. म्हटलं, आता लीलाबाई आल्यात, तुमचं नाव काढून टाका. आणि ईमेलबिमेल काहीच नको, मला खातं या मशीनपुरतंच हवंय. मी स्वतः सेटिंगमध्ये जाऊन बघितलं होतं, तर परवानगी नाही असं येत होतं.

"अ‍ॅडमिन मी आहे ना मॅडम, त्यामुळं. तुमच्याकडून नाय व्हायचं ते. करून देतो निवांत पुढच्या आठवड्यात." चहा पिताना म्हणाला, "तुमचं काम लई अवघड बघा. पण दोन्ही बाजू ऐकत जा. कधी कधी पोरीबी भरल्या घराचं वाटोळं करतात."

वादात कोण पडणार. मी प्रिंटरचं विचारलं.

५ डिसेंबर

संरक्षण अधिकाऱ्यांना सोनियाचा अहवाल जायचाय, कोर्टासाठी. त्यात सध्याचा पत्ता लागतो. इतके दिवस मी तो मुद्दाम फाइलीत घातला नव्हता. आज घातला. 'सध्या मुक्काम करुणा यांच्या घरी, उस्मानपुरा.' अहवाल बंद पाकिटात जाईल, लीलाबाई स्वतः नेऊन देणार.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. माय पांढरं लुगडं नेसून सकाळीच भडकल गेटला अभिवादनाला गेली. येताना संस्कृतीसाठी चित्रांचं पुस्तक आणलं. बाबासाहेबांच्या लहानपणाच्या गोष्टी आहेत त्यात. पोर ते उलटं धरून वाचत बसली होती.

सोनियानं भाकरी केल्या. वाकड्या बोटांनी भाकरी थापताना थोडी एका बाजूला जाड होते, ती जाड बाजू ती स्वतःसाठी ठेवते. मायनं ते पाहिलं आणि ताटं बदलली.

"मला शिलाईचं येतं ताई," म्हणाली. "पिको, फॉल. ह्या शहरात चालंल का?"

म्हटलं, पळेल.

ती हसली. हसताना दात दिसू नयेत म्हणून ओठ मिटून हसते.

८ डिसेंबर, सोमवार

जसं घडलं तसं लिहिते. उद्या पोलिसांनी विचारलं तर गोंधळ नको.

सकाळी केंद्रात आल्यावर सोनियाच्या बोटांचा एक्स-रे अहवालाला जोडायचा होता. स्कॅन कुठं गेला सापडेना म्हणून फोटोंचा कप्पा उघडला. ते कपाशीच्या रानाचे फोटो होतेच. पण आता बरेच जास्त होते. मशीनबरोबर आलेले फोटो वाढतील कसे, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आलं.

एक उघडला. हळदीचा मांडव. दोन माणसं गळ्यात हात घालून. एक इंद्रजीत. दुसऱ्याच्या डाव्या भुवईतून व्रण गेलेला.

पुढचा उघडला. एक बोळ, निळं पिंप, दोरीवर लहान मुलीचा पिवळा झगा वाळत घातलेला. बोळ भागूबाईंचा आणि झगा संस्कृतीचा.

त्याच्या पुढचा. छावणीतल्या क्वार्टरचं फाटक.

आणि शेवटचा, कालचा, रविवारचा. माझं घर. माय उंबऱ्यात बसून तांदूळ निवडतेय. तिला कळलेलंही नाही कोणी फोटो काढतंय म्हणून.

मी बघत असतानाच फोटो जायला लागले. आधी मळ्यातलं जेवण गेलं, मग जीप गेली. मी काहीही दाबलेलं नव्हतं. एकेक चौकट नाहीशी होत होती आणि बाकीचे सरकून तिची जागा घेत होते. तिकडं कोणीतरी फोनवर बसून पुसत होतं. मी बघतेय हे त्याला कळलं म्हणून, की काम झालं म्हणून, ते मला अजूनही माहीत नाही.

इंटरनेटची वायर ओढून काढली. पुसणं थांबलं. जे चार मी उघडले होते तेवढेच मशीनवर उतरले होते, ते राहिले. ते पेनड्राइव्हवर घेतले, पडद्याचे मोबाइलनं फोटो काढले, आणि मग घरी फोन लावला. माय उचलेना. सोनियाचा फोन तर बंदच, मीच तिला बंद ठेवायला लावलेला.

क्रांती चौकातून माझं घर सगळ्यांत जवळ, आणि क्रांती चौकाच्या स्टँडवर असतो पुंडलिक. लाज वाटायलाही वेळ नव्हता.

"पुंडलिक, माझ्या घरी जा. आत्ताच्या आत्ता. पांढरी जीप असेल."

"निघालो," एवढंच म्हणाला.

मी पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी त्याची रिक्षा आडवी उभी होती. पुढची काच फुटलेली, एक चाक नालीत. त्यानं वाट अडवली होती, पण जीप ती ढकलून निघून गेली. पुंडलिकच्या कपाळातून रक्त येत होतं. माय उंबऱ्यात बसली होती, बाही फाटलेली.

"त्यांनी आधी पोरीला उचललं," माय म्हणाली. "हिला हातबी लावला नाय. नुसतं जीपचं दार उघडं ठिवलं. म्या हिला धरलं व्हतं करुणा, घट्ट धरलं व्हतं. तर मलाच म्हनली, सोडा माय, माझी पोर त्यात हाय. अन् आपल्या पायानं जाऊन बसली."

९ डिसेंबर

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "बापानं पोरगी नेली. बायको स्वतः गाडीत बसली, तुमच्याच आई सांगतात. यात पळवून नेलं कुठं?"

मायच्या फाटलेल्या बाहीची आणि पुंडलिकच्या काचेची तेवढी नोंद घेतली.

केंद्राच्या वकीलबाईंना चारही फोटो दाखवले. त्यांच्या ऑफिसातल्या मुलीनं मला समजावलं. तो ढग हवामानाचा नव्हता. त्या खात्यात मी जे लिहीत होते ते आपोआप इंटरनेटवर जात होतं आणि तेच खातं इंद्रजीतच्या फोनमध्ये चालू होतं. त्याला पासवर्ड फोडावा लागला नाही की काही चोरावं लागलं नाही. मी रोज सकाळी त्याच्या नावानं मशीन उघडत होते आणि त्याच्याच घरात फाइल ठेवत होते. त्याच्या फोनमधले फोटो मात्र इकडं माझ्याकडं येत होते, हे त्याच्या ध्यानात राहिलं नसावं.

गुलाबी औषध मीच लिहिलं होतं. रूपाचं नावही मीच. आणि उस्मानपुरा.

आमच्याकडच्या बाकीच्या बायकांच्या फाइलीही त्यातच आहेत. दिवसभर एकेकीला फोन करत बसले. जागा बदला. का ते विचारू नका, आधी बदला.

११ डिसेंबर

तात्यासाहेब आले. इंद्रजीत गाडीतच बसून होता, काच वर करून.

"पोरानं मुद्दाम नाय केलं," तात्यासाहेब लीलाबाईंना म्हणाले. "सिस्टीमच तशी आहे. फोनवर आपोआप येतं म्हटल्यावर माणसाची नजर पडणारच की. अन् शिवराज त्याचा मावसभाऊ. घरची सून रस्त्यावर आली म्हटल्यावर भावाला सांगणार नाय का कुणी?"

"तिच्या दाराचा फोटोसुद्धा आपोआप आला का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "मशीन परत द्या बाई. देणगी समजू नका. नवीन दुसरं पाठवतो, हिला पाहिजे तसल्या खात्याचं."

मी लीलाबाईंकडं पाहिलं. ही जागा तात्यासाहेबांची, वीजबिल त्यांच्या नावावर. बाईंनी ही संस्था उभी केली तेव्हा पाठीशी हेच एक उभे राहिले होते, हे बाई नेहमी सांगतात.

मग बाई उठल्या, खुर्ची ओढून मशीनसमोर नेली आणि तिथं बसल्या. "मशीन कोर्टात जाईल तात्यासाहेब. चहा घेणार का?"

चहा न घेता गेले. जाताना दारात म्हणाले, "जागेचं बघा मग."

१५ डिसेंबर

नवं मशीन पोलिसांनी सील करून नेलं. वकीलबाईंनी कोर्टात अर्ज केला तेव्हा कुठं हे हललं. टेबलाखालचं जुनं वर घेतलं. धूळ पुसली. इंटरनेटची वायर त्याला लावलीच नाही. लावणारही नाही.

जागा जानेवारीअखेर सोडा, अशी नोटीस आलीय.

सोनियाची काहीच खबर नाही. वकीलबाई म्हणतात, कोंडून ठेवलेल्या माणसाला सोडवायचं वॉरंट मिळेल, दोन-तीन दिवस धरा. विहिरीचा कठडा डोळ्यांसमोरून जात नाही. मायनं ते चित्रांचं पुस्तक उशीखाली ठेवलंय.

पुंडलिकच्या घरी गेले होते. कपाळाला टाके आहेत. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून गेले होते. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. तोच म्हणाला, "राहू द्या ताई. माझ्याकडं बघितलंत, कारण मी समोर होतो. तो कुठं दिसत होता?"

१८ डिसेंबर

वॉरंट मिळालं. पोलिसांची गाडी, ठाण्याचे साहेब, एक महिला हवालदार, वकीलबाई आणि मी, देवगाव रंगारीला गेलो.

घर मोठं. अंगणात ट्रॅक्टर, आणि ती पांढरी जीप, पुढचा बंपर चेपलेला. सासऱ्यांनी खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला. "घरातला विषय घरात मिटला साहेब. सून आनंदात आहे, विचारा तिलाच."

सोनिया बाहेर आली. नवी कोरी साडी, डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "मी खुशीनं हाय."

शिवराज दारात उभा होता. कडेवर संस्कृती. पोर अजिबात हालत नव्हती. त्याचा तळवा तिच्या मानेवर होता, प्रेमानं ठेवावा तसा.

साहेब माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर 'झालं समाधान?' असं स्पष्ट दिसत होतं. वकीलबाई म्हणाल्या, "इथलं उत्तर चालत नाही साहेब. वॉरंटमध्ये दोघींना मॅजिस्ट्रेटसमोर हजर करा असं आहे. दोघींना."

"पोरगी राहू द्या, तिला ताप आहे," शिवराज म्हणाला, त्याच सभ्य आवाजात.

महिला हवालदार पुढं झाली, हात पसरले. त्यानं लगेच दिली नाही. इतका वेळ लावला की सासराच म्हणाला, "दे रे." तेव्हा दिली. आणि सोनियाकडं बघून हसला.

गावातलं शेवटचं घर मागं पडलं. तेव्हा सोनिया पोरीच्या केसांत तोंड घालून म्हणाली, "ताई, ह्या खेपेला कुठं लिव्हनार मला?"

"कुठंच नाही," म्हटलं.

कन्नडच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांनी तिला एकटीला आत बोलावलं. बाहेर यायला खूप वेळ लागला. बाहेर आली तेव्हा कपाळावरचं कुंकू पुसून पार केसांपर्यंत गेलेलं. आत काय बोलली ते तिनं सांगितलं नाही. पण पोर तिच्याकडंच राहील आणि ती म्हणेल तिथं राहील, असा आदेश झाला. शिवराज आणि इंद्रजीतवर गुन्हा दाखल होतोय. अटक होईल तेव्हा खरी, वकीलबाईंना फार खात्री दिसली नाही.

कोर्टाबाहेर पुंडलिक उभा होता. रिक्षाला नवी काच. एवढ्या लांब रिक्षा घेऊन आला होता. दोघींना बसवलं, पडदा सोडला आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही एसटीनं जा."

मी विचारलं नाही, कुठं. त्यानं सांगितलं नाही. सोनियानं पडद्यातून हात बाहेर काढला, ती दोन वाकडी बोटं माझ्या मनगटाला लागली, आणि रिक्षा निघाली.

२३ डिसेंबर

सामान खोक्यांत भरतेय. नवी जागा अजून सापडलेली नाही. केंद्राचं नाव ऐकलं की मालक विचार करून सांगतो म्हणतात.

दुपारी फोन वाजला. शिवराजच होता. अटक झाली आणि जामीनही झालाय.

"मॅडम, नमस्कार. पोरीचा ताप उतरला का?"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं.

"कुठं ठेवली तिला?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही असं कसं होईल मॅडम?"

"नाही माहीत."

तो फोन ठेवीना. बोलतही नव्हता. माझ्या आवाजात, श्वासात, मागच्या गल्लीच्या गोंगाटात काही सापडतं का, ते ऐकत होता. मीही फोन ठेवला नाही. म्हटलं, ऐकू दे.